सुई हिसकावली म्हणून रोग थांबत नाही: एडिनबरा, मुंबई आणि आपलं नालासोपारा

पोस्ट मोठी आहे. विरार लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर वाचा, नाहीतर रात्री जेवण झाल्यावर निवांत वाचा. पण अर्धी वाचून कमेंट करू नका, ही विनंती.

मध्यंतरी आपल्याकडच्या एका ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत होता. पुलाखाली एक पोरगा भिंतीला टेकून पडलाय, बाजूला सिरिंज. व्हिडिओ काढणारा ओरडतोय, "हे बघा गर्दुल्ले, इथून आपल्या आया-बहिणी जातात." खाली दीड-दोनशे कमेंट. "उचला साल्यांना." "हातपाय तोडा." एकाने लिहिलं होतं, "मेडिकलवाल्यांना सांगा, सुया विकणं बंद करा, आपोआप सुधारतील."

आया-बहिणींची काळजी खरी आहे, ती मी नाकारत नाही. सोसायटीच्या कंपाउंडजवळ वापरलेली सुई सापडली की पोटात गोळा येतो, मलाही येतो. पण त्या शेवटच्या कमेंटवर मी अडलो. कारण "सुया बंद करा" हा उपाय जगात एकदा मनापासून करून झालेला आहे. त्याचं काय झालं हे नोंदलेलं आहे. आज तोच इतिहास सांगतो.

त्याआधी एक घरचं. आमच्या आळीत एक दादा होता. नाव सांगत नाही, त्याच्या घरचे आजही इथेच राहतात. ऐंशीच्या दशकात मुंबईत कामाला जायचा, आम्हा पोरांना व्हॉलीबॉल शिकवायचा. मग हळूहळू घरातली भांडी गायब व्हायला लागली. नंतर तो बारीक झाला, दंडावर गळवं दिसायला लागली. १९९८ मध्ये गेला. सगळ्यांना सांगितलं, कावीळ झाली होती. एका मोठ्या रुग्णालयात त्याच्या खाटेजवळ कुणी फिरकत नव्हतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मयताला खांदा द्यायला चार माणसं गोळा करताना नाकीनऊ आले. वर्षभराने कळलं, त्याच्या बायकोलाही तोच आजार होता. तिने कधी सुई हातात धरली नव्हती.

आता मुळापासून बघू.

"गर्दुल्ला" हा शब्द आला "गर्द"वरून. गर्द म्हणजे ब्राउन शुगर, कच्चं भेसळीचं हेरॉइन. १९७९ नंतर इराणमध्ये क्रांती झाली, अफगाणिस्तानात युद्ध पेटलं, हेरॉइनचे जुने रस्ते बदलले आणि माल मुंबईवरून जायला लागला. जाता जाता मुंबईतच मुरला. सुरुवातीला पोरं पन्नीवर ठेवून, खालून काडी लावून धूर ओढायची. अनिल अवचटांनी "गर्द" हे पुस्तक लिहिलं तेव्हा मराठी घरांना पहिल्यांदा कळलं की हे आपल्याही पोरांपर्यंत आलंय. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्याआधी १९८१ मध्ये फादर ज्यो परेरा यांनी वांद्र्यात कृपा फाउंडेशन सुरू केलं होतं. कृपाचं काम पुढे आपल्या वसईतही आलं. या माणसांनी हजारो घरं वाचवली, त्याबद्दल दुमत नाही.

सरकारनेही हालचाल केली. १४ नोव्हेंबर १९८५ ला एनडीपीएस कायदा लागू झाला. कडक कायदा. पुढे २००१ ची दुरुस्ती होईपर्यंत थोडा माल आणि ट्रकभर माल यांच्या शिक्षेत आज आहे तशी स्पष्ट प्रतवारीही नव्हती.

पण त्या वेळी एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात आली नाही. व्यसनमुक्ती केंद्राचा दरवाजा ज्याला "सोडायचंय" त्याच्यासाठी उघडा होता. तुरुंगाचा दरवाजा सापडेल त्याच्यासाठी उघडा होता. आणि ज्याला अजून सोडता येत नाहीये, किंवा तीनदा सोडून चौथ्यांदा घसरलाय, त्याच्यासाठी? त्याच्यासाठी पूल, फलाट आणि रुळांची कड. एचआयव्ही शिरला तो याच फटीतून.

भारतात एचआयव्ही पहिल्यांदा १९८६ मध्ये चेन्नईत सापडला. तीन वर्षांनी मणिपूरमधून बातमी आली. तिथे म्यानमारची सीमा जवळ, हेरॉइन स्वस्त आणि शुद्ध, पोरं थेट शिरेत घेत होती. सप्टेंबर १९८९ पर्यंत तिथल्या सुईने नशा करणाऱ्यांच्या तपासण्यांत एचआयव्ही जवळजवळ नव्हता. पुढच्या काही महिन्यांत तपासलेल्यांपैकी साधारण निम्मे बाधित निघाले. हो, काही महिन्यांत. वर्षंही लागली नाहीत.

इतक्या वेगाने कसं? नशा करणारा सुई शिरेत टोचतो तेव्हा शीर लागली की नाही बघायला थोडं रक्त सिरिंजमध्ये मागे ओढतो. ते रक्त आत राहतं. तीच सिरिंज दुसऱ्याने घेतली की ते रक्त थेट त्याच्या शिरेत जातं. लैंगिक संबंधातून एका वेळी लागण होण्याची शक्यता त्या मानाने बरीच कमी असते. इथे तर रक्ताला रक्त भिडतं. आणि एका सुईभोवती चार-पाच जण बसलेले असतील तर एकाचा आजार आठवड्यात सगळ्यांचा होतो. नंतर त्यांच्या बायकांचा. नंतर होणाऱ्या बाळांचा.

मग सुया वाटून का घ्यायच्या? "बेअक्कल असतात" हे सोपं उत्तर. खरं उत्तर एडिनबरात मिळालं.

स्कॉटलंडचं हे शहर. १९८० च्या सुमाराला तिथे हेरॉइनची लाट आली. पोलिसांनी ठरवलं, सुयाच मिळू द्यायच्या नाहीत. औषधांच्या दुकानांतून सिरिंज मिळेनाशी झाली, झडतीत सापडली तर जप्त. म्हणजे आपल्या कमेंटवाल्याचा उपाय, जसाच्या तसा. हेरॉइन मात्र मिळतच होतं. मग एका सिरिंजवर वीस-तीस जण, सुई बोथट होईपर्यंत. रॉय रॉबर्टसन नावाच्या तिथल्या एका साध्या फॅमिली डॉक्टरने आपल्या पेशंटांचं रक्त तपासलं आणि १९८६ मध्ये निष्कर्ष छापला: १६४ जणांपैकी ५१ टक्के एचआयव्ही बाधित.

आणि शेजारचं ग्लासगो? तिथेही हेरॉइन तितकंच, गरिबी तितकीच, पण सुया मिळायला तेवढी आडकाठी नव्हती. तिथे बाधितांचं प्रमाण अगदी थोडं निघालं. दोन शहरांतलं अंतर साधारण ७० किलोमीटर. आपल्या भाषेत सांगायचं तर विरारहून चर्चगेटला जाऊन थोडं पुढे.

त्याच वर्षी, १९८६ मध्ये, इंग्लंडमधल्या लिव्हरपूलने उलटा रस्ता धरला. एका जुन्या शौचालयाची खोली साफसूफ करून तिथे केंद्र उघडलं: जुनी सुई द्या, नवी घ्या, जखम असेल तर मलमपट्टी करून घ्या. पोलिसांनी ठरवलं, केंद्राच्या दारात उभं राहून कुणाला पकडायचं नाही. लिव्हरपूलमध्ये एचआयव्हीचा तसा स्फोट झालाच नाही. त्याआधी १९८४ मध्ये अॅमस्टरडॅममध्ये नशा करणाऱ्यांच्याच संघटनेने काविळीच्या भीतीने सुई बदलून द्यायला सुरुवात केली होती. म्हणजे ही कल्पना कुठल्या मोठ्या साहेबाची नाही, ज्यांचा जीव जात होता त्यांचीच आहे.

आता मुंबईत येऊ.

नव्वदच्या दशकात मुंबईतली पोरंही पन्नीवरून सुईवर आली. कारण बाजाराचं. गर्द महागलं की तेवढ्याच पैशात जास्त नशा सुईनेच होते. दुसरं म्हणजे औषधांच्या दुकानातली इंजेक्शनं स्वस्तात मिळायची. पण या पोरांसाठी मुंबईत काहीच नव्हतं. केंद्रवाले म्हणायचे, आधी सोड मग ये. इस्पितळवाले म्हणायचे, आधी आंघोळ करून ये.

१९९५ मध्ये एल्ड्रेड टेलिस यांनी मुंबईत संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट सुरू केला. विचार साधा होता. माणूस सोडेल तेव्हा सोडेल, तोपर्यंत तो जिवंत राहिला पाहिजे. मग दोन गोष्टी करायच्या.

पहिली, स्वच्छ सुई. कार्यकर्ते, आणि त्यांत स्वतः कधीकाळी नशा केलेले लोकही असतात, फलाटांवर आणि पुलांखाली जातात. नवी सुई देतात, वापरलेली परत घेतात, ती जाड डब्यात जमा करून नष्ट करायला पाठवतात. जखमा धुतात. आठ-पंधरा दिवसांनी ओळख झाली की म्हणतात, चल, रक्त तपासून घेऊ.

दुसरी, गोळी. ब्युप्रेनॉर्फिन नावाची. जिभेखाली ठेवून विरघळवायची, तीही डॉक्टर-नर्ससमोर. हेरॉइन न मिळाल्यावर शरीर जे पिळवटून निघतं, ज्याला ही पोरं "टर्की" म्हणतात, ती या गोळीने साधारण दिवसभर थांबते. टर्की नाही म्हणजे चोरी करायची घाई नाही, सुई नाही. माणूस कामाला जाऊ शकतो. दिल्लीत शरण या संस्थेने १९९३ च्या सुमाराला हे सुरू केलं होतं. याला नशेच्या बदल्यात नशा म्हणणारे आजही आहेत. मधुमेहवाल्याला रोज इन्सुलिन देतो, तेव्हा आपण असं म्हणत नाही.

सरकार या कामाकडे बरीच वर्षं कानाडोळा करत होतं. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नाको, १९९२ ची. मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्था १९९८ ची. २००२ च्या राष्ट्रीय धोरणात पहिल्यांदा "नुकसान कमी करणं" हा विचार आला. आणि २००७ मध्ये नाकोचा तिसरा टप्पा सुरू झाला तेव्हा सुई बदलून देणं आणि पर्यायी गोळी हे दोन्ही सरकारी कार्यक्रमात घेतलं गेलं.

तोवर काय झालं होतं, ते आकड्यांत बघा. २००७ च्या नाकोच्या पाहणीत सुईने नशा करणाऱ्यांमध्ये एचआयव्हीचं सगळ्यात जास्त प्रमाण कुठल्या राज्यात निघालं? मणिपूर नाही. महाराष्ट्र. २४.४ टक्के. मणिपूर १७.९. चारातला एक जण बाधित, आपल्या पुरोगामी राज्यात.

२०१०-११ च्या पाहणीत महाराष्ट्राचा हाच आकडा १४.२ वर आला. या पाहण्या मोजक्या केंद्रांवर होतात, त्यामुळे एकेका दशांशाला धरून भांडायचं नसतं. पण दिशा कळते. आणि १ एप्रिल २००४ पासून सरकारने एचआयव्हीची औषधं मोफत द्यायला सुरुवात केली, पहिल्या केंद्रांत आपलं जे. जे. होतं. आमचा दादा आणखी सहा वर्षं तगला असता तर कदाचित आज नातवंडांना व्हॉलीबॉल शिकवत असता.

संकल्पची आणखी एक लढाई सांगतो, ती फार कमी लोकांना माहीत आहे. सुईतून नुसता एचआयव्ही जात नाही, हिपॅटायटिस सी त्याहून सहज जातो आणि लिव्हर खातो. त्यावरचं रोश कंपनीचं पेगासिस हे इंजेक्शन तेव्हा लाखांच्या घरात होतं, भारतात त्याला पेटंट मिळालं होतं. नशा करणाऱ्यांसाठी काम करणाऱ्या या मुंबईच्या छोट्या संस्थेने त्या पेटंटला आव्हान दिलं आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये अपील मंडळाने ते रद्द केलं. ज्यांना आपण "कचरा" म्हणतो, त्यांच्या नावाने लढलेली केस साऱ्या देशातल्या लिव्हरच्या रुग्णांच्या कामी आली. आज हिपॅटायटिस सी गोळ्यांनी बरा होतो आणि २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात उपचार मोफत आहेत.

कायदाही बदलला. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम २२ सांगतं की एचआयव्हीचा धोका कमी करण्यासाठी केलेले उपाय रोखता येणार नाहीत आणि तो गुन्हाही नाही. स्वच्छ सुया आणि पर्यायी गोळी यांना त्यात संरक्षण आहे. एनडीपीएसमध्येही कलम ६४ अ आहे: नशा करणारा, थोड्या मालासह सापडलेला माणूस स्वतःहून उपचार घ्यायला तयार झाला तर त्याच्यावर खटला न चालवण्याची सोय. किती जणांना हे कुणी सांगतं?

आता नेहमीचा प्रश्न. "फुकट सुया वाटल्या तर नशा वाढेल ना?"

प्रश्न चुकीचा नाही, मलाही पडला होता. जागतिक आरोग्य संघटनेने जगभरचे पुरावे तपासून २००४ मध्ये अहवाल काढला. स्वच्छ सुया दिल्याने एचआयव्ही कमी होतो, आणि त्यामुळे नशा वाढल्याचा पटण्यासारखा पुरावा नाही. विचार करा, सुई फुकट मिळते म्हणून कुणी हेरॉइन सुरू करत नाही. आणि आपल्या कंपाउंडजवळ पडलेल्या सुयांचं म्हणाल, तर त्या उचलून नेणारं दुसरं कोण आहे? जिथे असं काम चालतं तिथे वापरलेली सुई परत आणून देण्याला किंमत असते. जिथे सुई खिशात सापडली की मार बसतो, तिथे ती टोचल्या टोचल्या रस्त्यावर फेकली जाते.

हे सगळं आज का लिहितोय? नालासोपाऱ्यामुळे.

ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी पथकाने नालासोपाऱ्यात ७०० किलोहून जास्त एमडी पकडलं. किंमत १४०० कोटी सांगितली गेली. नालासोपाऱ्याचं नाव देशभर झालं. एमडी म्हणजे मेफेड्रॉन, २०१५ पासून एनडीपीएसखाली. पोलिसांनी मोठं काम केलं, त्यांचं अभिनंदनच. पण तेवढा माल निघाला याचा अर्थ घेणारेही तेवढे आहेत, आणि ते सगळे काही कुलाब्यात राहत नाहीत.

एमडी बहुतेक लोक नाकाने ओढतात. पण रुमानियात काय झालं ऐका. २०१० च्या सुमाराला तिथे याच जातीच्या रसायनांची लाट आली. पोरं ती सुईने घ्यायला लागली. या नशेचा अंमल लवकर उतरतो, म्हणून दिवसात पुन्हा पुन्हा टोचावं लागतं. नेमकं त्याच वेळी सुया वाटपासाठी येणारा परदेशी निधी आटला. बुखारेस्टमध्ये सुईने नशा करणाऱ्यांत वर्षाला बोटांवर मोजण्याइतके नवे एचआयव्ही बाधित सापडायचे, २०११ मध्ये ती संख्या कित्येक पटींनी वाढली. एडिनबरा झालं, त्याला पंचवीस वर्षं झाली, सगळं पुस्तकांत होतं, तरी झालं.

आणि एमडीवर ब्युप्रेनॉर्फिनसारखी गोळी नाही. ती फक्त हेरॉइनच्या जातीच्या नशेवर चालते. म्हणजे एमडी उद्या सुईवर गेलं तर आपल्या हातात स्वच्छ सुई, तपासणी आणि समुपदेशन एवढंच उरतं. ते आधीपासून उभं असायला लागतं. आग लागल्यावर विहीर खणून चालत नाही.

देशाचं चित्रही निवांत बसण्यासारखं नाही. २०१९ च्या सरकारी पाहणीनुसार भारतात सुमारे साडेआठ लाख लोक सुईने नशा करतात, आणि जास्त संख्या असलेल्या राज्यांच्या यादीत महाराष्ट्र आहे. त्यांच्यातलं एचआयव्हीचं प्रमाण नाकोच्या पाहण्यांत २०१७ मध्ये ६.३ टक्के होतं, २०२१ मध्ये ९ टक्के. देशातल्या एकूण प्रौढांमध्ये ते पाव टक्क्याच्याही खाली आहे.

वसई-विरार महापालिका २००९ ची, पालघर जिल्हा २०१४ चा, आपलं पोलीस आयुक्तालय २०२० चं. २०११ च्या जनगणनेलाच शहराची लोकसंख्या १२ लाखांवर होती. प्रत्येक निवडणुकीत आपण पाणी मागतो, रस्ते मागतो, लोकल मागतो. हेही मागायला काय हरकत आहे? तीनच गोष्टी आहेत.

एक, आपल्या स्टेशनांच्या परिसरात सुईने नशा करणारे किती आहेत याची नीट मोजणी, आणि त्यांच्यापर्यंत स्वच्छ सुया, जखमेचा इलाज आणि तपासणी पोचवणारं काम.

दोन, गोळीचं केंद्र घरापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी. रोज गोळी घ्यायला ज्याला लांबचा प्रवास करावा लागतो तो चौथ्या दिवशी जात नाही. आपल्याला विरारहून रोज मुंबई गाठताना काय होतं ते माहीत आहेच.

तीन, पोलिसांनी विकणाऱ्याच्या मागे जीव तोडून लागावं, पण सुई बदलायला आलेल्याला केंद्राच्या दारात धरू नये. लिव्हरपूलच्या पोलिसांना १९८६ मध्ये जे जमलं ते आपल्यालाही जमेल.

तोपर्यंत कामाची माहिती: एचआयव्हीसाठी नाकोची मोफत हेल्पलाइन १०९७. व्यसनासाठी १४४४६. सरकारी रुग्णालयात तपासणी मोफत आणि गुप्त असते. कुणाला रस्त्यावरची सुई टोचली तर जखम दाबू नका, चोखू नका, साबण-पाण्याने धुवा आणि लगेच सरकारी रुग्णालय गाठा. प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं, जितकं लवकर तितकं चांगलं.

त्या व्हिडिओतल्या पोराचं पुढे काय झालं मला माहीत नाही. कुणीतरी त्याला तिथून हाकललं असेल. म्हणजे तो एक स्टेशन पुढे गेला असेल, तीच सुई खिशात घेऊन.

दादाच्या बायकोला मी अजून वहिनी म्हणतो. औषधं मोफत मिळायला लागली आणि वहिनी वाचल्या, गोळ्या चुकवत नाहीत. मागे एकदा हा विषय निघाला तेव्हा एवढंच म्हणाल्या, "त्याला तेव्हा कुणी दहा पैशाची सुई दिली असती तर मी आज हे डबे सांभाळत बसले नसते."

पटलं तर पुढे पाठवा. आपल्या नगरसेवकाला टॅग करा. पटलं नसेल तर मुद्दा लिहा, वाद घालू. फक्त त्या पोरांना शिव्या देऊ नका, त्यांच्यातल्या एकाने मला व्हॉलीबॉल शिकवलाय.